गावचा दगड आणि त्यावरची नावं



आज आपण गावातल्या एका दगडाबद्दल बोलणार आहोत. कुठे तो चावडीच्या भिंतीत बसवलेला असतो, कुठे जुन्या शाळेच्या ओट्याजवळ, कुठे देवळाच्या वाटेवर. येता-जाता तो रोज दिसतो, पण आपण थांबून बघत नाही. लढाईत गेलेल्या गावच्या माणसांची ती आठवण असते.

आम्ही बचत गटांच्या समन्वयक बैठकांसाठी गावोगाव जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी, मेरा देश' या मोहिमेत देशभर ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. देशासाठी प्राण दिलेल्या गावच्या माणसांची नावं त्यावर कोरायची, असं ठरलं होतं. बैठकीत या फलकाचा विषय निघाला की एखादी ताई हळूच म्हणते, "आमच्या आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ गेला होता लढाईला. परत आलाच नाही म्हणे." मग आम्ही विचारतो, त्यांचं नाव आहे का फलकावर? नसतं. नाव काय होतं? ते त्या ताईंनाही धड सांगता येत नाही. "सासूबाई असत्या तर सांगितलं असतं," असं म्हणून विषय तिथेच थांबतो.

तो तिथे थांबू नये म्हणून आजचं हे बोलणं. गावातले असे दगड वाचायचे कसे, नावं राहिली का, आणि राहिलेली नावं आपल्या गटाला कशी शोधता येतील, हे आज समजून घेऊ.

चित्राचा दगड

सगळ्यात जुना दगड म्हणजे वीरगळ. देवळाबाहेर, वेशीपाशी, पिंपळाच्या पारावर असे कोरीव दगड उभे असतात. त्यावर एकावर एक चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना दिसतात. वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहील. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर समजायचं, की हा माणूस गावची जनावरं पळवणाऱ्यांशी लढताना पडला.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. त्या वेळच्या गावाला ते माहीत होतं, म्हणून लिहायची गरज वाटली नसेल. पुढे सांगणारी माणसं गेली आणि फक्त चित्र उरलं. आज आपण त्याला शेंदूर लावतो, नारळ फोडतो, पण तो कोण होता ते सांगता येत नाही.

वीरगळाशेजारी कधी कधी आणखी एक दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला असतो. तो सतीचा दगड. नवऱ्यामागे जी जळून गेली तिच्यासाठी दगड उभा राहिला. जी मागे राहिली, जिने पोरं वाढवली, शेत राखलं, तिच्यासाठी असा दगड कोणी कोरला नाही.

आकड्याचा दगड

दुसरा दगड शंभर वर्षांपूर्वीचा, पहिल्या महायुद्धाचा. ही लढाई १९१४ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली. इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून आपली माणसं इंग्रजांच्या फौजेतून फ्रान्स, आफ्रिका आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं परदेशी गेली. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत.

आपल्याकडे याची सगळ्यात ठळक खूण सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात आहे. या गावाला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. त्या एका लढाईत या एका गावचे ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारने गावात त्यांचं स्मारक उभारलं. ४६ हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. आपल्या गटात दहा-बारा जणी असतात. असे चार गट डोळ्यांपुढे आणा आणि त्यातल्या प्रत्येकीच्या घरचा एक माणूस गेला असं समजा. एवढं त्या गावाने सोसलं. तरीही घरटी एकाने फौजेत जायची रीत गावाने पुढे चालू ठेवली. स्मारक गावात असलं की लहान पोरांना वेगळं काही शिकवावं लागत नाही, ती ते बघतच मोठी होतात.

कोकणात, साताऱ्याकडे आणि देशभर बऱ्याच गावांत सरकारने लहान संगमरवरी पाट्या बसवल्या. त्यावरचा मजकूर इंग्रजीत आणि ठरावीक साच्याचा असे. अर्थ असा, की १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईला या गावातून इतकी माणसं गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. गावाप्रमाणे बदलायचे ते फक्त आकडे. आता लढाई १९१८ ला थांबली, मग पाटीवर १९१९ का? कारण तहावर सह्या झाल्या त्या जून १९१९ मध्ये. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिच्याकडे नीट बघा. किती गेले आणि किती मेले एवढंच तिथे लिहिलेलं असतं. कोण गेले, ते लिहिलेलं नसतं.

नावं का राहिली?

आपल्याला वाटतं, त्या काळी नोंदी नव्हत्या, म्हणून नावं राहिली. पण फौजेत प्रत्येक शिपायाचा नंबर, नाव, पलटण सगळं लिहिलेलं असे. नाहीतर पगार आणि पेन्शन दिली कशी असती?

दोन स्मारकांची तुलना केली की काय झालं ते कळतं. फ्रान्समध्ये नव्ह शापेल नावाच्या गावी भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. ते १९२७ साली उघडलं. तिकडे लढताना गेलेल्या आणि ज्यांची समाधी सापडली नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं तिथे आहेत. त्यात शिपायांचीही नावं आहेत. दुसरं स्मारक इराकमध्ये बसऱ्याला, १९२९ सालचं. मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या त्या याच इराकच्या मोहिमेत. तिथल्या कूत शहराला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. खायला काही उरलं नाही. शेवटी एप्रिल १९१६ मध्ये फौजेला शरण जावं लागलं. पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि आजारात किती तरी माणसं गेली.

या बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त सैनिकांची आठवण आहे. इंग्रज सैनिकांची नावं तिथे कोरली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली. पण साध्या शिपायांसाठी पलटणीचं नाव घालून 'आणि इतर इतके भारतीय सैनिक' असा आकडा टाकला. असं हजारो माणसांचं झालं.

ही स्मारकं सांभाळणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. २०२१ च्या एप्रिलमध्ये या संस्थेने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. आशिया आणि आफ्रिकेतल्या सैनिकांना आठवणीतही बरोबरीची वागणूक दिली नाही, हे त्यात मान्य केलं आणि संस्थेने माफी मागितली. म्हणजे आपल्या पाटीवर नुसता आकडा आहे, तो चुकून राहिलेला नाही. या माणसांची नावं लिहायची गरज नाही, असं तेव्हा कोणीतरी ठरवलं होतं.

नाव असलं की काय होतं

नाव कोरल्याने फरक काय पडतो, असं कोणी विचारलं तर भीमा कोरेगावचा स्तंभ आठवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला. त्यावर कामी आलेल्यांची नावं कोरली. त्यात 'नाक' या अक्षरांनी संपणारी २२ नावं आहेत. ही महार शिपायांच्या नावांची तेव्हाची रीत. पुढे १८९० नंतरच्या काळात महारांची फौजेतली भरतीच बंद झाली. हे लढणारे लोकच नाहीत, असं सांगितलं गेलं. पण दगडावर नावं होती. त्या नावांकडे बोट दाखवून त्यांच्या वंशजांना आपला हक्क सांगता आला. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. तिथे नुसता आकडा असता तर यातलं काय सिद्ध करता आलं असतं?

म्हणून यादी करताना गावठाणात थांबू नका. पहिल्या महायुद्धातही महारांची १११ नंबरची पलटण १९१७ साली उभी केली होती आणि लढाईनंतर ती मोडली. शिवाय बंदूक न धरणारे कितीतरी होते. खेचरं हाकणारे, पाणी पुरवणारे भिस्ती, स्वयंपाकी, ओझी वाहणारे. तेही तिकडेच मेले. वाड्या-वस्त्या आणि सगळ्या आळ्या फिरल्याशिवाय यादी पुरी झाली असं म्हणू नये.

नाव घरातच असतं

मग नावं मिळणार कुठे? पहिला शोध आपल्या घरात घ्यायचा, ट्रंकेत आणि देव्हाऱ्यात.

पहिल्या महायुद्धात जो गेला त्याच्या घरी सरकारने एक ब्राँझची चकती पाठवली होती. ती साधारण १२ सेंटिमीटर रुंद, लहान ताटलीएवढी असते. तिच्यावर उभी बाई आहे, हातात त्रिशूळ आणि शेजारी सिंह. बघणाऱ्याला देवीचा टाक वाटावा असंच ते दिसतं. प्रत्यक्षात ते ब्रिटन देशाचं चित्र आहे. त्याच चकतीवर एका चौकोनात गेलेल्या माणसाचं नाव उठावाच्या इंग्रजी अक्षरांत असतं. हुद्दा लिहिलेला नसतो, कारण मरणात सगळे सारखे असं त्या चकतीपुरतं तरी मानलं होतं.

दुसरी वस्तू म्हणजे पदक. पदकाची दर्शनी बाजू सगळ्यांची सारखीच असते. आपल्याला बघायची ती त्याची कड. नाण्याच्या कडेसारख्या त्या बारीक पट्टीवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ती बघायला भिंग लागेल. चकती असो की पदक, चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून घासू नका, अक्षरं झिजतात. मऊ कापडाने पुसा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि चांदीचं आहे म्हणून मोडीत घालू नका. चांदीचे पैसे महिनाभरात संपतील, आणि ते नाव पुन्हा कुठे मिळणार नाही.

घरात काही नसेल तर कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला मदतीला घ्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या नोंदी फुकट शोधता येतात. पहिल्या महायुद्धातल्या अनेक भारतीयांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आहे. दगडावर जे कोरलं नाही, ते निदान या नोंदीत सापडू शकतं. फक्त इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं असेल असं धरून चालू नका. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, आणि जिल्हा जुना धरा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत होता आणि रायगडला कुलाबा म्हणत.

दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच नोंदींत वडिलांबरोबर आईचं आणि बायकोचंही नाव मिळतं. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत कसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत गेलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरही ही नावं आहेत. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं, तेव्हा तिथे २५,९४२ नावं कोरलेली होती.

गटाची वही

हे काम बचत गटाने का करायचं? गावातली जाणती पुरुषमंडळी करतील की, असं काहींना वाटेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या एका गटात दहा बायका असतील तर दहा गावची माहेरं असतात. गावची लेक लग्न होऊन गेली की तिच्याबरोबर घरच्या आठवणीही सासरी जातात. गेलेल्या माणसाची बहीण, भाची, पुतणी कुठे तरी दुसऱ्या गावात नांदली, आणि तिच्या सुना-नातींनी तिच्या तोंडून ते ऐकलेलं असतं. या बायकांपर्यंत पोचण्याचा रस्ता दर महिन्याच्या बैठकीतून जातो. एवढं जाळं गावात दुसऱ्या कोणाकडे नाही.

एक वही घाला आणि तिच्यात असे रकाने आखा:

१. माणसाचं पूर्ण नाव
२. आईचं नाव
३. बायकोचं नाव, लग्न झालं असेल तर
४. वाडी किंवा आळी
५. पलटण किंवा काम
६. कोणत्या साली आणि कुठे गेले
७. हे कशावरून कळलं

सातवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कागद, पदक, फोटो असेल तर तसं लिहा. नुसतं ऐकलेलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घरांतून तेच नाव आलं तर ते जास्त पक्कं. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालते, दगडावर चालत नाही.

यादी तयार झाली की ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत ती मोठ्याने वाचा. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा हा आपला हक्काचा मंच आहे. वाचताना कोणी म्हणेल, "अहो, यात आमचे राहिले." तेच तर हवंय. मग ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, ठराव मांडा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. नव्या पाटीवर खाली मोकळी जागा ठेवायला सांगा, कारण एखादं नाव दोन वर्षांनीही सापडतं. जुनी संगमरवरी पाटी मात्र काढू देऊ नका आणि तिला रंग फासू देऊ नका. तिच्यावरचा आकडा हाच आपला पुरावा. पाटीवर सात असतील आणि वहीत पाचच नावं असतील, तर दोन अजून शोधायची आहेत हे त्या पाटीमुळेच कळतं.

मागे राहिलेली

शेवटी थोडं मागे राहिलेल्या बाईबद्दल बोलायला हवं. पंधरा ऑगस्टला वीरपत्नीला मंचावर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. तीच बाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र दिसत नाही. तिला बोलवलेलंच नसतं. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने पुन्हा लग्न केलं, तर पदकाबरोबरचा भत्ता चालू राहण्यासाठी ते दिराशीच करावं लागे. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली. म्हणजे अगदी कालपर्यंत सरकारी कागदही तिला त्याच घराशी बांधून ठेवत होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या गटाला तर त्यासाठी कोणाच्या ठरावाची वाट बघायची गरज नाही. पुढच्या हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं तिला द्या.

आणि दगडावर आईचं नाव घाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आपल्या राज्यात मुलाच्या नावापुढे आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. जिवंत लेकराला जो नियम लागू झाला, तो लढाईत गेलेल्या लेकालाही लावायला काय हरकत आहे? त्याच्यासाठी उंबऱ्यात बसून वाट बघितली ती तिने.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या सासरचं एक आणि माहेरचं एक, अशी दोन नावं आठवून बघा. आठवलं नाही तर घरी जाऊन सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येण्यासारखं नाही, कारण सांगणारी माणसं थोडीच उरली आहेत.